घरातलं माणूस तुरुंगात आहे? दिवस मोजा, कागद जपा : कैद्याचे आणि कुटुंबाचे कायदेशीर हक्क

बांधावरून भांडण होतं, मारामारीचा गुन्हा दाखल होतो, रात्री पोलिसांची गाडी गावात येते आणि घरातला कर्ता माणूस ठाण्यात जातो. मग घरच्यांची धावपळ सुरू होते. कुणी म्हणतं साहेबांना भेटा, कुणी म्हणतं पुढाऱ्याला फोन लावा, कुणी वकिलाच्या फीसाठी शेळ्या विकायला सांगतं. या धावपळीत एक गोष्ट राहून जाते. कायद्याने अटक केलेल्या माणसाला काही हक्क दिले आहेत आणि त्यातले बरेच हक्क तारखेवर चालतात. २४ तास, ७ दिवस, ६० दिवस, ९० दिवस, शिक्षेचा एक तृतीयांश काळ. हे दिवस कुणी मोजले नाहीत तर हक्क कागदावरच राहतो आणि माणूस आत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. दर चार कैद्यांमागे तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. यातल्या अनेकांना जामीन मिळूही शकतो, पण अर्ज करायला किंवा जामीनदार उभा करायला कुणी नसतं. म्हणून ही माहिती सोप्या भाषेत देत आहोत. मोबाईलमध्ये जपून ठेवा.

आधी शब्द समजून घ्या

कोर्टात गेल्यावर जे शब्द कानावर पडतात त्यांचा अर्थ असा :

पीसीआर : पोलीस कोठडी. आरोपी तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात राहतो.

एमसीआर : न्यायालयीन कोठडी. आरोपी तुरुंगात जातो. साधारणपणे एमसीआर झाल्यावर जामीन अर्जाला वेग येतो.

कच्चा कैदी : खटला चालू असलेला. सरकारी कागदावर 'न्यायाधीन बंदी' असं लिहितात.

पक्का कैदी : शिक्षा झालेला, म्हणजे 'सिद्धदोष बंदी'.

जातमुचलका : आरोपीने स्वतःच्या सहीने दिलेली हमी. लोक याला पीआर बाँड म्हणतात. यात जामीनदार लागत नाही.

चार्जशीट : दोषारोपपत्र. तपास संपल्यावर पोलीस कोर्टात दाखल करतात तो कागद.

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. लोक तिला बीएनएसएस म्हणतात. खाली दिलेले कलम क्रमांक याच नव्या कायद्यातले आहेत.

अटक झाली : पहिले २४ तास

१) अटक का केली ते सांगावंच लागतं. राज्यघटनेचं कलम २२ आणि बीएनएसएसचं कलम ४७ हेच सांगतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. अटकेची कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला कळेल त्या भाषेत द्यायची. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण न्यायाधीशांसमोर उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कागद हातात पडला पाहिजे. हे केलं नाही तर अटक बेकायदा ठरू शकते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : 'अटकेच्या कारणांचा कागद दिला का?'

२) घरच्यांना कळवणं बंधनकारक आहे. कलम ४८ प्रमाणे आरोपी सांगेल त्या नातेवाइकाला किंवा मित्राला पोलिसांनी लगेच अटकेची माहिती द्यायची असते. माणूस कुठे ठेवलाय हेही सांगायचं असतं. कलम ३७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात अटक केलेल्यांची माहिती ठेवणारा अधिकारी नेमलेला असतो. तो सहायक उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा असतो. ठाण्यात त्याचं नाव विचारून त्याच्याशीच बोला.

३) अटक पंचनामा आणि सही. अटकेचा कागद साक्षीदारासमोर करायचा असतो. हा साक्षीदार घरातला किंवा गावातला प्रतिष्ठित माणूस असावा. त्यावर अटकेची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. ती वेळ बरोबर आहे का ते वाचून मगच सही करा. पुढचे सगळे दिवस त्यावरूनच मोजले जातात. माणूस सोमवारी संध्याकाळी उचलला आणि कागदावर मंगळवारी दुपारची वेळ टाकली, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. पोलीस घरी आले ती वेळ त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. त्या वेळी केलेले फोन, गावातला सीसीटीव्ही, शेजाऱ्यांची नावं हे सगळं पुढे कामाला येतं.

४) २४ तासांच्या आत न्यायाधीशांसमोर. कलम ५८ प्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. रविवार असो, दिवाळी असो, सुट्टीसाठी न्यायाधीश नेमलेले असतात. 'उद्या कोर्ट बंद आहे, परवा नेऊ' हे उत्तर चालत नाही.

५) वैद्यकीय तपासणी. अटकेनंतर सरकारी डॉक्टरांकडून तपासणी होते आणि अंगावरच्या जखमांची नोंद होते. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या प्रसिद्ध निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत असताना दर ४८ तासांनी तपासणी करायला सांगितलं आहे.

६) चौकशीवेळी वकिलाला भेटता येतं. कलम ३८ ने हा हक्क दिला आहे. वकील पूर्ण चौकशीभर शेजारी बसू शकत नाही, पण चौकशी चालू असताना भेट घेता येते. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावरही करता येत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही. आधी अटक का गरजेची आहे ते पोलिसांना कागदावर मांडावं लागतं. नाहीतर कलम ३५ ची नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं असतं. नोटीस आली तर घाबरून गाव सोडू नका. दिलेल्या तारखेला हजर राहा आणि हजर राहिल्याची पोच घ्या. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात ६० वर्षांवरच्या किंवा आजारी, अशक्त माणसाला अटक करायची तर पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते.

बाई असेल तर

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. अंगझडती फक्त बाईनेच घ्यायची. कोठडी पुरुषांपासून वेगळी हवी. हा शेवटचा नियम मुंबईच्या कोठड्यांवरून आला. पत्रकार शीला बारसे यांनी तिथल्या महिला कैद्यांना होणाऱ्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. त्या पत्रावर १९८३ मध्ये निकाल झाला. त्याच निकालाने न्यायाधीशांना सांगितलं, की समोर आलेल्या प्रत्येक आरोपीला 'पोलिसांनी मारहाण केली का' हे विचारलं पाहिजे.

तुरुंगात गेलेल्या आईसोबत सहा वर्षांपर्यंतचं मूल राहू शकतं. मुलाचं जेवण, लस, शिक्षण ही जबाबदारी सरकारची.

वय १८ च्या आत असेल तर

१८ वर्षांखालच्या मुलाला पोलीस लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. गावाकडे अंदाजाने 'वय १९' असं लिहिलं जातं आणि पोरगं मोठ्यांच्या तुरुंगात पोचतं. अशा वेळी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र लगेच कोर्टात द्या. ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्म दाखला. हे काहीच नसेल तरच डॉक्टरी तपासणीने वय ठरवतात. गुन्ह्याच्या दिवशी वय १८ च्या आत होतं हा मुद्दा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो.

पहिल्या तारखेला कोर्टात काय बोलायचं

पहिल्यांदा न्यायाधीशांसमोर उभं केल्यावर बरेच जण खाली मान घालून गप्प राहतात. ती वेळ बोलायची असते. चार गोष्टी सांगता येतात : मारहाण झाली असेल तर ती आणि जखमा, औषधं चालू असतील तर ती, घरच्यांना कळवलं की नाही, आणि 'मला वकील परवडत नाही, सरकारी वकील द्या'. न्यायाधीश हे नोंदवून घेतात. मारहाणीची तक्रार असेल तर पुन्हा वैद्यकीय तपासणीचा आदेश मागता येतो. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्जही त्याच दिवशी द्या, कारण जुनं चित्रीकरण पुसलं जातं.

मोफत वकील : जमीन किती, उत्पन्न किती, कुणी विचारणार नाही

हा मुद्दा गावागावात पोचायला हवा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. पाच एकर बागायत असली तरी, बीपीएल कार्ड नसलं तरी. याशिवाय महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि लहान मुलं यांनाही उत्पन्न न बघता मदत मिळते.

कुठे जायचं? तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. टोल फ्री नंबर १५१००. तुरुंगातही विधी सहाय्य केंद्र असतं. तिथे वकील आणि विधी स्वयंसेवक येतात, कैदी स्वतः त्यांच्याकडे अर्ज देऊ शकतो.

या वकिलाने तुमच्याकडून फी मागायची नसते. झेरॉक्सला, टायपिंगला, 'साहेबांना द्यायला' म्हणून पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील तारखेला येत नसेल तर दुसरा मागता येतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. नमुना असा :

'प्रति, मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण.
विषय : मोफत वकील मिळणेबाबत.
महोदय, माझे पती / मुलगा / भाऊ (पूर्ण नाव, वय, गाव) यांना (तारीख) रोजी (पोलीस ठाणे) येथे गुन्हा क्रमांक (…) मध्ये अटक झाली असून ते सध्या (तुरुंगाचे नाव) येथे आहेत. त्यांच्यासाठी वकील नेमलेला नाही. तरी मोफत वकील नेमून द्यावा, ही विनंती.
अर्जदाराचे नाव, नाते, मोबाईल नंबर, सही किंवा अंगठा.'

दोन प्रती काढा. एक द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या.

६० आणि ९० दिवस : हा दिवस चुकवू नका

तपास ठरलेल्या मुदतीत संपला नाही, चार्जशीट दाखल झालं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गुन्हा कितीही गंभीर असला तरी. कलम १८७ प्रमाणे मुदत अशी :

फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा : ९० दिवस.

बाकीचे गुन्हे : ६० दिवस.

मकोका, एनडीपीएस यांसारख्या खास कायद्यांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते.

दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत. न्यायाधीशांनी पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून मोजायचे आणि तो दिवसही धरायचा. समजा पहिली रिमांड १ मार्चला झाली आणि गुन्हा ६० दिवसांच्या मुदतीतला आहे. २९ एप्रिलला साठ दिवस भरतात. तोवर चार्जशीट आलं नाही तर ३० एप्रिलला सकाळीच अर्ज द्यायचा.

इथे एक मेख आहे. हा जामीन आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. अर्ज देण्याआधी पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं तर हा हक्क गेला. 'दोन दिवसांनी बघू' म्हणून बसणाऱ्यांचा हक्क असाच जातो. पहिल्या रिमांडच्या दिवशीच कॅलेंडरवर खूण करा आणि आदल्या दिवशी वकिलाला आठवण द्या.

पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंतच मिळते. जुन्या कायद्यात ती पहिल्या १५ दिवसांतच घ्यावी लागायची. आता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येते. त्यामुळे एमसीआर झाल्यावर पुन्हा पीसीआर मागितला तर लगेच बेकायदा समजू नका. पण एकूण दिवस मोजा.

जामीन मिळाला, तरी माणूस आतच

तालुक्यातल्या कोर्टात हे नेहमी दिसतं. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने यावर १९७८ सालीच बोट ठेवलं होतं. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंडी कामगाराला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला. वर त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. गरिबाला झेपणार नाही एवढी रक्कम ठेवणं म्हणजे जामीन नाकारण्यासारखंच आहे, असा या निकालाचा अर्थ. तरीही आज 'स्थानिकच जामीनदार आणा' असं सांगितलं जातंच. ऊसतोडीला, वीटभट्टीला परजिल्ह्यात गेलेल्या मजुराला त्या गावात कोण जामीन राहणार?

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने याबाबत ठोस मुदती घालून दिल्या :

जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाला पाठवायची.

७ दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिव स्वयंसेवक किंवा वकील पाठवून अडचण बघतात.

एक महिन्यात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं.

स्थानिक जामीनदाराचीच अट हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, अशा प्रकरणात ती अट लादू नये.

म्हणून जामीन आदेशापासून सात दिवस झाले आणि माणूस घरी आला नाही, तर प्राधिकरणात जाऊन किंवा १५१०० वर फोन करून सांगा. कोर्टात अर्ज देऊन रक्कम कमी करून मागता येते, रोख जामीन मागता येतो, जातमुचलक्यावर सोडा अशी विनंती करता येते. जामीनपात्र गुन्ह्यात तर कायदाच सांगतो (कलम ४७८) : अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडायचं.

पैशांअभावी अडकलेल्यांसाठी केंद्र सरकारची गरीब कैदी सहाय्य योजना आहे. २०२३ च्या सूचनांनुसार जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदत मिळते. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून मंजुरी होते, पैसे थेट कोर्टात भरले जातात, कुणाच्या हातात दिले जात नाहीत. एनडीपीएस, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार, यूएपीए अशा गुन्ह्यांना योजना लागू नाही. सध्या मदतीची मर्यादा किती आहे ते प्राधिकरणात विचारून घ्या.

जामीनदारासाठी लागणारे कागद : आधार कार्ड, रेशन कार्ड, सातबारा, आठ-अ किंवा घरपट्टीची पावती, फोटो. काही कोर्टात तहसीलचा ऐपतीचा दाखला मागतात. तो मिळायला वेळ लागतो म्हणून जामीन अर्ज दिल्याबरोबरच त्याची तयारी करा.

आणि जामीन राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं. सातबारा दिला म्हणजे जमीन गेली असं नाही. पण आरोपी तारखेला गैरहजर राहिला तर बाँडची रक्कम कोर्ट तुमच्याकडून वसूल करू शकतं. ओळख नसलेल्याला जामीन राहू नका. कोर्टाच्या आवारात 'पैसे द्या, जामीनदार आणून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. खोट्या कागदावरचा जामीनदार निघाला तर नवीन गुन्हा अंगावर येतो.

खटला लांबला तर : एक तृतीयांश आणि अर्धा

कलम ४७९ हे कच्च्या कैद्यांसाठी फार मोलाचं आहे. ज्या गुन्ह्यात पकडलं त्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला तर जामीन. आणि पहिलाच गुन्हा असेल, आधी कधीच शिक्षा झालेली नसेल, तर एक तृतीयांश काळातच.

साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिल्यांदाच अडकलेल्याला एक वर्षानंतर, इतरांना दीड वर्षानंतर हा हक्क मिळतो. घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे हिशेब दोन वर्षं चार महिने आणि साडेतीन वर्षं असा होतो.

मर्यादाही आहेत. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते त्याला हे लागू नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा खटले चालू असतील तर या कलमाखाली सुटका नाही. आरोपीमुळेच खटला लांबला असेल तर तो काळ धरत नाहीत. आणि अर्धा काळ झाल्यावरही सरकारी वकिलाचं ऐकून, कारणं लिहून कोर्ट जास्त काळ ठेवू शकतं.

मुदत भरली की कोर्टाला लेखी कळवणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम आहे, कायद्यानेच सांगितलेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की १ जुलै २०२४ च्या आधी अटक झालेल्या कच्च्या कैद्यांनाही हे कलम लागू आहे. तुमचं माणूस त्याआधीपासून आत असेल तर हिशेब करून बघा.

प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव आणि तुरुंग अधीक्षक सदस्य असतात. मुदत भरलेले, जामीन मिळूनही न सुटलेले, आजारी, वयस्कर असे कैदी यांची यादी समितीसमोर येते. आपल्या माणसाचं नाव यादीत घ्या, असा अर्ज प्राधिकरणाकडे देता येतो.

तुरुंगाच्या आत

भिंतीआड गेला म्हणजे माणूसपण गेलं असं होत नाही. तिहारमधल्या सुनील बात्रा नावाच्या कैद्याने लिहिलेल्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं आणि कैद्याचे मूलभूत हक्क तुरुंगातही कायम राहतात हे ठामपणे सांगितलं.

भेट आणि फोन : नातेवाइकांना ठरलेल्या दिवशी मुलाखत मिळते. दिवस आणि वेळ तुरुंगाप्रमाणे बदलते, निघण्याआधी चौकशी करा. सोबत मूळ आधार कार्ड ठेवा. ई-प्रिझन्सच्या संकेतस्थळावर ई-मुलाकात नोंदवून मोबाईलवरूनही भेट घेता येते. दोनशे किलोमीटरवर तुरुंग असेल तर एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी वाचते. वकिलाची भेट वेगळी असते, तुरुंग कर्मचारी नजर ठेवू शकतात पण बोलणं ऐकू शकत नाहीत.

पैसे : कैद्याच्या नावावर मनीऑर्डर करता येते, त्यातून कँटीनच्या वस्तू घेता येतात. कुणा शिपायाच्या हाती रोख देऊ नका. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

उपचार : तुरुंगात डॉक्टर असतात. तिथे होणार नसेल तर जिल्हा रुग्णालयात न्यावं लागतं. साखर, बीपी, फिट्स, मानसिक आजार असेल तर जुन्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स तुरुंग अधीक्षकांना आणि वकिलांना द्या. गंभीर आजार हे जामिनासाठीही कारण ठरतं.

काम : कच्च्या कैद्याला कामाची सक्ती नाही. सक्तमजुरीच्या कैद्याला कामाची मजुरी मिळते.

जात : ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. पत्रकार सुकन्या शांता यांची ही याचिका होती. झाडलोट एका जातीला आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीला, हे चालणार नाही. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही याच निकालात पोलिसांना बजावलं आहे. पालावरच्या, तांड्यावरच्या माणसांनी हे ध्यानात ठेवावं.

मतदान : कोठडीत किंवा तुरुंगात असताना मत देता येत नाही, कच्चा कैदी असला तरी. जामिनावर बाहेर असलेला मात्र मतदान करू शकतो.

कोठडीत मृत्यू झाला तर

कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी बंधनकारक आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. चौकशीची माहिती नातेवाइकांना द्यायची असते आणि शक्य तिथे त्यांना हजर राहू द्यायचं असतं. शवविच्छेदन अहवालाची प्रत मागा. घाईने कोऱ्या कागदावर सही करू नका. राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची तर घटनेपासून एक वर्षाच्या आत करा.

शिक्षा झाली तर

निकालाची प्रत मोफत मिळते. अपील सत्र न्यायालयात असेल तर ३० दिवस, उच्च न्यायालयात असेल तर ६० दिवस अशी मुदत असते. फाशीच्या शिक्षेला मात्र ३० दिवसच. अपिलासाठीही मोफत वकील मिळतो आणि तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं. खटला चालू असताना आत काढलेले दिवस मुदतीच्या शिक्षेतून वजा होतात.

पॅरोल आणि फर्लो या रजा फक्त शिक्षा झालेल्यांना मिळतात. कच्च्या कैद्याच्या घरी मयत किंवा लग्न असेल तर पॅरोल मागून उपयोग नाही. कोर्टात तात्पुरत्या जामिनाचा किंवा पोलीस बंदोबस्तात नेण्याचा अर्ज करावा लागतो. मयताच्या वेळी हे माहीत नसल्यानेच तास वाया जातात.

मोबाईलवरून काय बघता येतं

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि आदेश दिसतात. हा नंबर वकिलाकडून मागून घ्या. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील गुन्ह्यांची प्रत तिथे टाकत नाहीत, ती कोर्टातून घ्यावी लागते. चार्जशीटची प्रत आरोपीला मोफत द्यायची असते.

एका फाईलमध्ये हे कागद ठेवा

अटकेची तारीख-वेळ लिहिलेला कागद, अटकेच्या कारणांची प्रत, एफआयआर, पहिल्या रिमांडची तारीख, गुन्ह्याची कलमं आणि जास्तीत जास्त शिक्षा, सीएनआर नंबर, वकिलाचं नाव आणि मोबाईल, औषधांच्या चिठ्ठ्या, जामीन आदेशाची प्रत, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच.

मोफत कायदेशीर मदत : १५१००. लाच मागितल्यास : १०६४. पोलीस मदत : ११२.

ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्येक गुन्ह्याची कलमं आणि परिस्थिती वेगळी असते, म्हणून पुढचं पाऊल टाकण्याआधी वकिलांशी किंवा विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. तुमच्या गावात कुणाचं माणूस आत असेल तर ही माहिती त्या घरापर्यंत पोचवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि पहिल्या रिमांडची तारीख कॅलेंडरवर लिहून द्या.